ड्रम घातले म्हणजे फोक रॉक होत नाही: इनोउए योसुइचा ‘कोओरी नो सेकाइ’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गिटारवर स्वतःची मराठी गाणी रचतात. सात-आठ गाणी तयार आहेत आणि आता ती ड्रम, बेस वगैरेंसकट रेकॉर्ड करायची आहेत. इनोउए योसुइ या जपानी गायक-गीतकाराचा ‘कोओरी नो सेकाइ’, म्हणजे ‘बर्फाचं जग’, हा अल्बम एवढा मोठा का मानतात? भाषा कळत नसताना तो कसा ऐकायचा? आणि आपल्या कामासाठी त्यातून काय उचलता येईल?

मी दुसऱ्यांच्या गाण्यांची वाद्यमांडणी करून पोट भरतो, त्यामुळे माझं उत्तर त्याच अंगाने येणार. आधी एक गैरसमज काढून टाकतो. गिटार आणि आवाजावर गाणं पूर्ण करायचं, मग त्याखाली ड्रम आणि बेस सरकवायचे, की झालं फोक रॉक, अशी एक समजूत आहे. या कृतीने फक्त मोठ्या आवाजातलं फोक तयार होतं. ‘कोओरी नो सेकाइ’ ऐकायचा तो यासाठी की त्यात प्रत्येक गाण्यापुरता एकच प्रश्न सोडवलेला आहे: गाणारा माणूस ऐकणाऱ्यापासून किती अंतरावर उभा आहे? कुठे तो कानाशी बोलतो, कुठे रस्त्यापलीकडून, कुठे बंद खिडकीमागून. वाद्यं त्या अंतराप्रमाणे ठरली आहेत.

आता पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय हा अल्बम नुसता ‘खूप खपलेला’ एवढाच उरतो.

योसुइचा जन्म 1948 चा, फुकुओका प्रांतातला. तो भाग म्हणजे चिकुहो, जुना कोळसा खाणींचा मुलूख. वडील दंतवैद्य. मुलाने दवाखाना चालवावा ही घरची साधी अपेक्षा, आणि मुलगा दंतवैद्यकाच्या प्रवेश परीक्षेत तीनदा नापास. डोक्यात बीटल्स. 1969 मध्ये त्याने पहिली तबकडी काढली ती ‘आंद्रे कांद्रे’ अशा चमत्कारिक नावाने, आणि ती कोणी फारशी विचारली नाही. 1972 मध्ये पॉलिडोर कंपनीतून तो स्वतःच्या नावाने पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी ‘दान्झेत्सु’ आणि ‘सेंटिमेंटल’ हे दोन अल्बम आले. 1973 मध्ये ‘युमे नो नाका ए’ हे गाणं गाजलं, थेट मैफलीचा ‘मोदोरिमिची’ हा अल्बम आला, आणि 1 डिसेंबर 1973 ला ‘कोओरी नो सेकाइ’. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

त्याआधीची चार-पाच वर्षं जपानी फोकसाठी फार तापलेली होती. 1960 च्या दशकाच्या शेवटी ओसाका-क्योतोकडच्या तरुणांनी फोक हातात घेतलं ते व्हिएतनाम युद्ध, विद्यापीठांतली आंदोलनं, मजुरांचे प्रश्न यांसाठी. ओकाबायाशी नोबुयासु हा पाद्र्याचा मुलगा. तोक्योतल्या सान्या या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत त्याने काम केलं आणि त्यावर गाणी केली. लोकांनी त्याला ‘फोकचा देव’ करून टाकलं, आणि त्या ओझ्याने तो काही काळ गायबही झाला. नाकात्सुगावा इथे 1969 पासून तीन वर्षं मोठे फोक मेळे भरले. तिसऱ्या मेळ्यात प्रेक्षकांनी मंचच ताब्यात घेतला आणि तो प्रकार तिथेच संपला. 1972 च्या फेब्रुवारीत असामा डोंगराजवळच्या बंगल्यात सशस्त्र डाव्या गटाने एका स्त्रीला ओलीस धरलं. सगळा देश टीव्हीपुढे बसला होता. त्यानंतर त्या गटाने आपल्याच सोबत्यांना मारल्याचं बाहेर आलं, आणि एका अख्ख्या पिढीचा ‘आपण मिळून जग बदलू’ या वाक्यावरचा विश्वास उडाला.

योसुइचं ‘कासा गा नाइ’ हे गाणं नेमकं 1972 चं. त्यात तो म्हणतो की शहरात तरुणांच्या आत्महत्या वाढल्याचं वर्तमानपत्रात आलंय, टीव्हीवर कोणीतरी देशाच्या भवितव्याबद्दल गंभीर चेहऱ्याने बोलतंय, पण माझी अडचण आजचा पाऊस आहे. तुला भेटायला निघायचंय आणि छत्री नाही. काहींना हा निर्लज्ज बेफिकीरपणा वाटला, काहींना पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोललं असं वाटलं. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. नीट ऐकलं तर त्या माणसाने बातम्या वाचलेल्या आहेत, तो त्या विसरलेलाही नाही. त्या बातम्यांचं करायचं काय हे त्याला कळत नाही, एवढंच.

याच सुमारास योशिदा ताकुरो या गायकाने फोक लोकप्रिय बाजारापर्यंत आणि लग्नाच्या गोड गाण्यापर्यंत आणलं, म्हणून जुने चाहते मैफलीत त्याला ‘परत जा’ ओरडायचे. 1973 च्या सप्टेंबरात कागुयाहिमे या त्रिकुटाचं ‘कांदागावा’ आलं आणि भाड्याच्या खोलीतलं गरीब जोडपं हा जणू ठरलेला विषय झाला. योसुइ या दोघांच्याही वाटेला गेला नाही. त्याच्या गाण्यात खोली असते, पण खोलीत बसलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही याची खात्री देता येत नाही.

आता अल्बमकडे. एकूण तेरा गाणी. हेडफोन लावून पहिली तीन सलग ऐका, मध्ये थांबू नका, कारण ती एकमेकांत मिसळलेली आहेत. पहिलं ‘आकाझु नो फुमिकिरि’: कधीच न उघडणारं रेल्वे फाटक. तोक्योच्या उपनगरांत हा रोजचा अनुभव होता. गाड्या इतक्या दाट की फाटक उघडायला सवडच मिळत नाही. शब्दांत एक फार सुंदर चित्र आहे: फाटकाच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं रुळांवरून एकमेकांकडे चेंडू फेकत खेळताहेत, आणि निवेदक मात्र ताटकळत उभा. मजा अशी की योसुइ हे गाणं मैफलीत स्वतःच्या चालीवर गात असे, ‘मोदोरिमिची’त ती चाल आहे. इथे शब्द तेच ठेवून चाल त्याचा संयोजक होशी कात्सु याची घेतली. ज्याचं नाव गायक-गीतकार म्हणून विकायचं आहे, त्याच्या अल्बमचं पहिलंच गाणं दुसऱ्याच्या चालीत. आणि ती चाल अधिक चांगली आहे! ताल धावतो, माणूस उभा आहे. गाडी वाद्यांत आहे, वाट पाहणं आवाजात आहे. मी ‘अंतर’ म्हणतो ते हे.

त्यातून ‘हाजिमारि’ हा छोटा तुकडा येतो, आणि तो उतरतो ‘काएरेनाइ फुतारि’मध्ये, म्हणजे घरी परतू न शकणारे दोघे. हे गाणं योसुइने इमावानो कियोशिरोबरोबर लिहिलं. कियोशिरो पुढे 1980 च्या दशकात जपानी रॉकचा सर्वांत झगमगीत माणूस झाला, पण तेव्हा त्याचा आरसी सक्सेशन हा गट ध्वनिक वाद्यांवरचं त्रिकूट होता आणि त्यांचे दिवस तंगीचे होते. याच अल्बममधलं ‘माचिबोके’ही दोघांचंच. ‘काएरेनाइ फुतारि’त रात्रीचं दव वाटलं त्यापेक्षा थंड आहे, दोघांचे आवाज थरथरताहेत, शहराचे दिवे विझत जातात, शेवटी चांदण्यासुद्धा घरी निघतात आणि हे दोघे तिथेच राहतात. काय घडलं, कोण कोणाला सोडतंय, काही सांगितलेलं नाही.

या गाण्यात वाजवलंय कोणी ते पाहा. बेसवर होसोनो हारुओमी, ड्रमवर हायाशी तात्सुओ, गिटारवर ताकानाका मासायोशी, पियानोवर फुकामाची जुन. होसोनो म्हणजे हॅपी एंड या गटातला, ज्या गटाने 1971 च्या ‘काझेमाची रोमान’ या अल्बममधून जपानी भाषेत रॉक सहज गाता येतं हे दाखवून दिलं होतं. ताकानाका तर विशीतला पोरगा होता. या मंडळींनी काय केलं? गिटारची अलगद छेडलेली तार आणि आवाज यांच्यामध्ये ते शिरले नाहीत. बेस बऱ्याच ठिकाणी गायकाच्या वाक्यानंतर बोलतो. ड्रम मागे राहतात. आणि शब्द संपले की मगच ताकानाकाची गिटार गाऊ लागते, जणू त्या दोघांना बोलता आलं नाही ते ती बोलते. तुमच्या ड्रमरला हे गाणं ऐकवा आणि सांगा, तू किती कमी वाजवू शकतोस ते दाखव.

एक गंमत. हे गाणं आधी सप्टेंबरमध्ये एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूला आलं होतं. योसुइला ते दर्शनी बाजूला हवं होतं. निर्माता तागा हिदेनोरीने ऐकलं नाही आणि ‘कोकोरो मोयो’ पुढे ठेवलं. ‘कोकोरो मोयो’ गाजलं आणि त्याने अल्बमची वाट मोकळी केली. निर्मात्याचं धंद्याचं गणित बरोबर होतं, कलावंताचा कानही बरोबर होता. असं होतं.

‘चिए-चान’वर वेळ घालवत नाही. सूर्यफुलांची नक्षी असलेल्या विमानात बसून कोणालाही निरोप न देता गेलेली मुलगी, एवढं चित्र गोड आहे, गाणं ठीक आहे.

मग शीर्षकगीत. इथे अंगावर येतं. हे गाणं लंडनच्या वादकांबरोबर केलं आहे, मांडणी निक हॅरिसन या इंग्रज संयोजकाची. 1973 मध्ये जपानी फोक गायकाला कंपनीने लंडनला पाठवणं ही लहान गोष्ट नव्हती. सुरुवातीलाच क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डचा तो ठेचत जाणारा, कोपरे मारणारा तुकडा. अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरच्या 1972 च्या ‘सुपरस्टिशन’ची सावली त्यावर आहे, आणि ती कोणी लपवलेली नाही. मागे गायिकांचा कोरस, मध्ये हार्मोनिका किंचाळते. शब्द? खिडकीबाहेर सफरचंदं विकणारा ओरडतोय. नाही, बहुतेक कोणीतरी सफरचंदवाल्याची नुसती नक्कल करतंय. यंदाची थंडी विक्रमी. रोज हिमवादळ. मग अचानक तो म्हणतो, कोणाला तरी जखमी करावंसं वाटतंय, पण करत नाही, कारण शेवटी मला माझीच भीती वाटते. हे सगळं नाचता येईल अशा तालावर.

इथे अननुभवी संयोजक काय करतो? थंडी म्हटली की संथ लय, लांब व्हायोलिन, भरपूर प्रतिध्वनी. या लोकांनी गरम फंक, म्हणजे ठसक्याचा नाचता ठेका, घेतला. खोलीत एकट्याच बसलेल्या माणसाचं डोकं शांत नसतंच, ते असंच भणभणत असतं. बर्फ शब्दांत आहे, ताप तालात. आणि आवाज? तो दोन्हींच्या मध्ये, स्वच्छ, उंच, भावना न लादता. योसुइ किंचाळला असता तर गाणं पडलं असतं.

यावरून भाषेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तुम्हालाही तो येणारच आहे. 1970-71 मध्ये ‘न्यू म्युझिक मॅगझिन’ या जपानी मासिकाच्या पानांवर वाद झाला: रॉक जपानीत गायचं की इंग्रजीत? रॉक गायक उचिदा युया आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणत, रॉकच्या तालावर जपानी बसत नाही. हॅपी एंडची माणसं म्हणत, बसवून दाखवतो. अडचण खरी होती. इंग्रजीत शब्दातलं एक अक्षर जोरात पडतं आणि ड्रमचा ठोका तिथे टेकतो. जपानीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या लांबीची, जोर असा नाहीच, आणि शब्द बहुतेक स्वरावर संपतात. योशिदा ताकुरोने उपाय काढला तो कोंबण्याचा: एका मात्रेत मावेल त्यापेक्षा जास्त अक्षरं ओतायची, बोलल्यासारखं गायचं. योसुइ गाण्यागणिक उपाय बदलतो. संथ गाण्यांत तो शेवटचा स्वर लांबवतो आणि ठोका त्याच्या खालून जाऊ देतो. शीर्षकगीतात उलट, अक्षरं तुटक, एकेक टाचणी टोचल्यासारखी, आणि जोर कुठे द्यायचा ते क्लॅव्हिनेटवर सोडून दिलेलं. भाषेला जे जमत नाही ते वाद्याकडून करून घेतलं.

मराठीची घडण वेगळी आहे. आपल्याकडे लघु-गुरूचा हिशेब कानात आहे, अकारान्त शब्दाचं शेवटचं अक्षर बोलताना बहुधा व्यंजनावर मिटतं, पण चालीत गाताना तो लपलेला ‘अ’ पुन्हा लांबवायची सवय आपल्याला भावगीतांनी लावली आहे. रॉकच्या ताला-ठेक्यावर ती सवय फार जुनाट ऐकू येते. मिटणारं अक्षर मिटू द्या. ‘घर’ला ‘घरऽ’ करू नका, र वर तोंड बंद करा आणि उरलेली जागा स्नेअर ड्रमला द्या. तुमच्या प्रत्येक गाण्यात अशी जागा कुठे आहे ते रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर खुणा करून ठेवा.

शीर्षकगीताच्या तापानंतर लगेच ‘शिरोइ इचिनिचि’ येतं, पांढरा एक दिवस, आणि एकदम हवा बदलते. शब्द योसुइचे नाहीत, ओगुरा केइचे. हा माणूस बँकेत नोकरी करत करत गाणी लिहायचा, आणि तीही बरीच वर्षं. पांढऱ्या शुभ्र चिनी मातीच्या भांड्याकडे पाहत राहायचं, कंटाळायचं नाही, पण हातही लावायचा नाही. तुझ्याभोवती माझा दिवस असाच जातो. चाल योसुइची. इथे तो तुमच्या अगदी जवळ आहे, हातभर अंतरावर, आणि मांडणीने ते अंतर जपलंय.

पहिली बाजू ‘जिको केन्ओ’, म्हणजे स्वतःचा तिटकारा, या गाण्यावर संपते. त्यातल्या अंधांबद्दलच्या एका शब्दामुळे पुढे काही आवृत्त्यांतून ते गाणं वगळलं गेलं होतं. नंतर परत आलं. जुनी सीडी हाताला लागली तर गाणी मोजून पाहा.

दुसरी बाजू सुरू होते ती ‘कोकोरो मोयो’ने. एकाकीपणात पत्र लिहिणं चाललंय, काळी शाई, निळा कागद. तुझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला केलेलं गाणं विसरलो, पण नवल म्हणजे तुझं हसणं आज आठवलं. शब्द घट्ट आहेत. व्हायोलिनं मात्र मला जड वाटतात. हे मत जपानी चाहत्यांना आवडणार नाही, कारण लाखो लोकांच्या तरुणपणाशी ती व्हायोलिनं चिकटलेली आहेत. पण मला कायम वाटतं की इथे गाणं स्वतः जेवढं रडतंय त्यापेक्षा वाद्यं जास्त रडतात. पुन्हा अंतराचाच मुद्दा: पत्र लिहिणारा दूर गावी आहे, आणि वाद्यवृंद त्याला ओढून नाट्यगृहाच्या मंचावर आणतो. खपाच्या दृष्टीने हेच हवं होतं, हेही खरं.

‘साकुरा सान्गात्सु सान्पोमिचि’चे शब्द नागातानी कुनिओ या व्यंगचित्रकाराचे. आकात्सुका फुजिओ या चित्रकाराच्या विनोदी मांगांमागे, म्हणजे जपानी चित्रकथांमागे, ज्यांचं डोकं होतं त्यांपैकी हा एक. गाणं मुळात एका मांगा मासिकाबरोबर लवचिक तबकडीवर फुकट दिलं होतं. मार्च महिना, चेरीचा बहर, फिरायची वाट, मध्येच नुसतं बोलणं. अल्बममध्ये अशी एखादी खिडकी लागते, नाहीतर बाकीच्या गाण्यांचा गारठा सोसवत नाही. ‘फन’ ऐका आणि पुढे जा.

शेवटची दोन गाणी एकत्र ऐका. ‘कोहारु ओबासान’मध्ये तो कोहारु मावशीला म्हणतो, मी भेटायला येतो, उद्या नक्की येतो. दर वेळी उद्या. मावशी आहे की नाही हेही आपल्याला कळत नाही. धून गरगरत वर चढते, वाद्यं भरत जातात, आणि ते ‘उद्या नक्की’ अधिकाधिक अविश्वसनीय होत जातं. मला हे अल्बममधलं सर्वांत धाडसी गाणं वाटतं, शीर्षकगीतापेक्षाही. मग ‘ओयासुमि’, शुभ रात्री. बोटांत दोरा गुंफून आकृत्या करायचा खेळ असतो, त्यातला दोरा कधीच तुटलाय. सगळं संपलंय. आता उबदार दिसणाऱ्या पांघरुणात अंग गुंडाळू आणि गाढ झोपू, कोणी उठवू नये. ‘उबदार’ नव्हे, ‘उबदार दिसणाऱ्या’. बर्फाच्या जगात आलेली ऊब, तीही खात्रीची नाही. तेरा गाण्यांचा क्रम असा लावलेला आहे की हे पांघरूण बाराव्या गाण्यानंतरच मिळावं. गाणी यादृच्छिक क्रमाने लावून हा अल्बम ऐकणाऱ्याने तो ऐकलेला नाही, असं मी खुशाल म्हणेन.

खपाबद्दल. लांब वादनाच्या तबकडीची दहा लाख प्रतींची विक्री जपानात सर्वांत आधी या अल्बमने गाठली, 1975 मध्ये. शंभराहून अधिक आठवडे तो पहिल्या दहांत होता. तोपर्यंत जपानी कंपन्यांची कमाई एकेरी तबकड्यांवर होती, अल्बम म्हणजे नंतरचा विचार. या आकड्याने ते उलटवलं: तरुण माणूस अख्खा अल्बम विकत घेतो, एकट्याने बसून ऐकतो, हे हिशेबात आलं. त्याच 1975 मध्ये योसुइ, योशिदा ताकुरो, इझुमिया शिगेरु आणि कोमुरो हितोशी या चौघा गायकांनी मिळून ‘फॉर लाइफ’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. एवढी हिंमत त्यांना कुठून आली, याचं एक कारण हा अल्बम आहे.

पुष्कळ लेखांत तुम्हाला वाचायला मिळेल की 1973 चा तेलधक्का, कागदाची आणि रॉकेलची टंचाई, दुकानांतली झुंबड, या सगळ्या थंडीचा हा अल्बम आवाज आहे. ऐकायला छान वाटतं. पण ‘कोकोरो मोयो’ आणि ‘काएरेनाइ फुतारि’ ही दोन्ही, ज्यातून तेलधक्का आला त्या ऑक्टोबरमधल्या मध्यपूर्वेतल्या युद्धाआधीच बाजारात होती, आणि लंडनहून आणलेली गाणी काही नोव्हेंबरातल्या रांगा पाहून लिहिलेली नव्हती. अल्बम बाजारात आला त्या महिन्यात लोकांना शीर्षक अंगावर आल्यासारखं वाटलं असेल, ते वेगळं. त्यातली थंडी त्याआधीची आहे, 1972 नंतर सामूहिक स्वप्नांतून बाहेर पडलेल्या माणसाची.

‘गायक-गीतकार’ या बिरुदाबद्दल एक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ‘सगळं मीच करायचं ठरवलंय’ असं एक वाक्य आहे. या अल्बमवर योसुइचं नाव आणि चेहरा आहे. पण एक चाल होशी कात्सुची, दोन गाणी कियोशिरोबरोबर, एकाचे शब्द ओगुराचे, एकाचे नागातानीचे, शीर्षकगीताची मांडणी हॅरिसनची, आणि काय पुढे, काय मागे हे ठरवणारा तागा. होशी हा 1960 च्या दशकातल्या द मॉप्स या कर्कश रॉक गटाचा गिटारवादक होता. योसुइच्या गाण्यांची मांडणी तो पहिल्या अल्बमपासून करत होता. फोकचा लाजाळू पोरगा आणि रॉकचा मुरलेला माणूस, या जोडीतून हा ध्वनी आला. तरीही अल्बम एका माणसाचा वाटतो, कारण प्रत्येक हाताने एकाच आवाजाची जागा सांभाळली. तुम्ही मिक्सिंग स्वतः करा हवं तर, पण मांडणीच्या वेळी तुमच्या गाण्याच्या प्रेमात नसलेला एक माणूस खोलीत ठेवा.

आणि कामाचं. प्रत्येक गाण्यासाठी एकाच ओळीत लिहा की गाणारा कुठे उभा आहे आणि कोणाशी बोलतोय. मग वाद्यं निवडा. दोन गाण्यांची अंतरं सारखी निघाली तर ती लागोपाठ ठेवू नका. किमान एका गाण्यात शब्दांच्या उलट स्वभावाचा ताल वापरून पाहा, दुःखाला धाव द्या किंवा रागाला संथपणा. एखादं गाणं ड्रमशिवायच राहू द्या. गिटार सगळीकडे ऐकू आलीच पाहिजे हा हट्ट सोडा. शीर्षकगीतात ध्वनिक गिटार मागे गेली म्हणून योसुइ फोकवाला राहिला नाही असं कोणाला वाटलं नाही. आवाज रेकॉर्ड करताना भाव कमी वाटला तर लगेच पुन्हा घेऊ नका. वाद्यांसकट ऐका, बऱ्याचदा तेवढाच पुरतो.

भाषेबद्दल विचारलंत म्हणून: पहिल्या वेळी अर्थ न पाहता ऐका आणि प्रत्येक गाण्याचं अंतर स्वतः ठरवा. दुसऱ्या वेळी वर दिलेले आशय डोळ्यांपुढे ठेवून ऐका. तुमचा अंदाज कुठे चुकला ते गाणं तुम्हाला सर्वांत जास्त शिकवेल. बहुतेकांचा शीर्षकगीतात चुकतो.

हा झाल्यावर पुढे ओकाबायाशीचा 1970 चा ‘मिरु माए नि तोबे’ घ्या, त्यात हॅपी एंड त्याच्या मागे वाजवतो आणि आंदोलनाचं फोक रॉककडे वळताना ऐकू येतं. मग ‘काझेमाची रोमान’. त्यानंतर कानेनोबु साचिको या गायिकेचा 1972 चा ‘मिसोरा’, निर्माता पुन्हा होसोनो. तो ऐकताना वाद्यं किती कमी आहेत याची नोंद करा. तबकडी बाजारात येईपर्यंत साचिको अमेरिकेला निघून गेली होती आणि देशात तिच्या या कामाचं कौतुक व्हायला पुष्कळ वर्षं गेली. योसुइचं स्वतःचं पुढचं ऐकायचं असेल तर थेट 1990 च्या ‘शोनेन जिदाइ’वर जा, आवाज तोच, अंतर पूर्ण बदललेलं. 2014 मध्ये त्याने ‘कोओरी नो सेकाइ’ नावाने दौरा काढला आणि ही गाणी पुन्हा मंचावर आणली.

तुमच्या गाण्यांपैकी एक कच्चं रेकॉर्डिंग, फक्त गिटार आणि आवाज, मेट्रोनोमशिवाय, पाठवलंत तर त्यावर नेमकं बोलता येईल. ड्रमरला अजून पैसे देऊ नका.